एकोणीस डावे, एक उजवा

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
वाहन विभाग, रक्त तपासणी प्रयोगशाळा.

विषय : डावे बूट आपोआपच जास्त फाटतात, हेडमिस्त्रींनी कापलेले नाहीत, याबाबत.
संदर्भ : माझे आधीचे तीन अर्ज. तिन्हींवर शेरा, "नोंद घेतली".

महोदय,

आधी एवढं ऐकून घ्या, मग फाईल खुशाल बंद करा.

१. आमच्या हेडमिस्त्रींना, म्हणजे आबांना, महिन्यापूर्वी कामावरून दूर केलं, त्यांच्या हत्यारांचं कपाट सील केलं. वीस दिवसांनी ते निवृत्त होतायत. आरोप असा, की गाड्यांच्या पुढच्या एक्सलचे रबरी बूट ते ब्लेडने कापतात. आधार काय, तर सहा गाड्यांचे दोन वर्षांत डावे बदलले एकोणीस, उजवा एकच. आपण विचारलंत, दोन्ही एकाच कंपनीचे, मग एकच कसा फाटतो?

२. सांगतो. हा बूट भात्यासारखा घड्यांचा असतो, आतलं ग्रीस सांभाळतो. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पुढचंच चाक वळतं आणि तेच गाडी ओढतं. चाक पुरतं वळलं की घड्या एकमेकींवर घासतात. आमच्या सरळ गेटसमोर मोठ्या साहेबांच्या गाडीची शेड आली. तेव्हापासून प्रत्येक गाडी चढावर स्टिअरिंग डावीकडे पार टेकवून बाहेर निघते, दिवसातून आठ वेळा. डावं वळण घेताना डावं चाकच जास्त मुरडतं. आत येतो ते मागच्या गेटने, सरळ. मग उजव्याला काय होणार, कपाळ?

३. बाहेरच्या गॅरेजातले मिस्त्री एक फाटला की दोन्ही बदलून मोकळे होतात. आबा म्हणायचे, "उजवा धडधाकट आहे रे, त्याला कशाला मारू?" हेच त्यांना भोवलं.

४. आबांच्या जागी आलेले नवीन मिस्त्रीही जोडीनेच बदलतात. या महिनाभरात दोन डावे, दोन उजवे. आकडे जुळले, आणि आपल्या अहवालात तोच आबांविरुद्धचा पुरावा झाला. ते दोन्ही उजवे भंगारात पडले होते, साहेब. एकालाही चीर नव्हती.

५. काल आबांकडे गेलो. म्हणाले, "बास कर, तुझीही नोकरी घालवशील." म्हणून हा शेवटचा अर्ज. शेड हलणार नाही, हे मलाही कळतं. फक्त एवढं सांगा, गाडीखाली आपण आडवे असता आणि तो चांगला उजवा बूट हाताला लागला असता, तर आपण काय केलं असतं?

उत्तराची वाट न बघणारा, तरी आपला नम्र,
(सही)
चालक, गाडी क्र. ४
दि. ११ मार्च

सोबत : फाटका डावा बूट एक, भंगारातला उजवा एक. उजवा कृपया परत द्यावा, अजून चालेल.