क्लाइव्हच्या हातचं कार्ड

स्किप्टन,
२७ डिसेंबर

प्रिय जिल,

तुझं ते फोनवरचं नाचणारं हरीण नाताळच्या सकाळीच पोचलं. हरणाला तुझ्या लेकीचा, पिपाचा चेहरा लावलेला पाहून मी इतकी हसले की कपातला चहा बशीत आला. नातीचं कौतुक आहेच, पण फोनवरचं हरीण मला दोरीवर टांगता येत नाही, बाई. पूर्वी बाहेरच्या खोलीत कार्डांच्या दोऱ्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असायच्या, आठवतं? या वर्षी एक खिडकीसुद्धा धड भरली नाही. शेजारची ब्रेंडा म्हणते, "हेझल, तिकिटांचे भाव बघ. कार्डांचा जमाना गेला आता." गेला असेल. पण जाता जाता एका कार्डानं असा काही डाव मारला आहे की तो तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. यात तुझा बाबा आहे. त्याचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे कागदावर लिहिते आहे.

नॉर्मनकाकाचं आणि तुझ्या बाबाचं कबुतरांवरून झालेलं भांडण तुला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांना पुरून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी नॉर्मननं त्यांची शर्यतीची कबुतरं विकून टाकली, धाकट्या भावाला एका शब्दानं न विचारता. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. पण त्यानंतर काय चालू होतं ते तुला माहीत नाही. दर नाताळला व्हिटबीहून कार्ड यायचं, "नॉर्मन आणि डॉट". इथून जायचं, "क्लाइव्ह आणि हेझल". तिकडची दोन्ही नावं डॉटच्या हातची, इकडची दोन्ही माझ्या. घरोघरी कार्डं बायकाच लिहितात. नवऱ्याच्या आत्याला, नवऱ्याच्या पलटणीतल्या मित्राला, ज्याचं तोंडही आपण पाहिलेलं नाही त्याला. नवरे फक्त एवढंच विचारतात, "गेली का सगळी?" मी डॉटच्या कार्डात एखादी ओळ टाकायची, "क्लाइव्ह विचारतोय, नॉर्मनचा गुडघा कसा आहे?" क्लाइव्हनं काही विचारलेलं नसायचं. डॉटचं उत्तर पुढच्या नाताळला यायचं, "नॉर्मन म्हणतो, बरा आहे." त्यानंही काही म्हटलेलं नसणार. डॉट आणि मी याबद्दल एकमेकींशी कधी चकार शब्द काढला नाही. दोघींनी मिळून दोन भावांचं एक नातं इतकी वर्षं जिवंत ठेवलं, आणि भावांना त्याचा पत्ता नव्हता.

तुझा बाबा लॉर्नाकडे राहायला गेला त्या पहिल्याच नोव्हेंबरात लॉर्नाचा मला फोन आला. आवाज कापत होता बिचारीचा. "हेझल, रागावू नकोस, पण या एडी आत्याला कार्डात काय लिहायचं असतं? आणि ती आहे ना अजून?" मी म्हटलं, "नवरा नेलास, आता आत्याही ने." मग मलाच हसू फुटलं, आणि तीही हसली. तेव्हापासून दर नोव्हेंबरला तो फोन ठरलेला. तुला आवडणार नाही, पण खरं ते सांगते: मला त्या फोनची वाट पाहायची सवय लागली.

या मार्चमध्ये डॉट गेली. मी व्हिटबीला जाऊन आले. क्लाइव्ह गेला नाही. "बोलावलं असतं तर गेलो असतो," म्हणाला. नॉर्मननं कुणालाच बोलावलं नव्हतं. तो चर्चच्या पहिल्या बाकावर एकटा बसला होता, कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली.

नोव्हेंबरात लॉर्नाचा फोन आला तो याचसाठी. "नॉर्मनला काय लिहू? नुसतं 'नॉर्मन' लिहायला हात उचलवत नाही. आणि क्लाइव्ह म्हणतो, तिकडून येऊ दे आधी." मी म्हटलं, "तिकडून येणार नाही. लिहिणारी गेली." आणि बोलता बोलताच माझ्या तोंडून निघालं, "लॉर्ना, तूही लिहू नकोस. मीही लिहीत नाही." ती म्हणाली, "म्हणजे आपण दोघींनी संप करायचा?" मी म्हटलं, "हो, संपच."

डिसेंबर लागला. एका संध्याकाळी क्लाइव्ह आलेली कार्डं चाळत बसला होता आणि कुरकुरला, "बघ, साधं कार्डसुद्धा पाठवलं नाही त्यानं." तेव्हा लॉर्नाच्या हातात इस्त्री होती. ती तिनं उभी ठेवली आणि एका दमात सांगून मोकळी झाली, "त्यानं कधीच पाठवलं नव्हतं. डॉट पाठवायची. आणि तूही कधी पाठवलं नाहीस. आधी हेझल पाठवायची, मग मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात क्लाइव्ह. वेगळे झाल्यापासून त्यानं या घराची पायरी चढलेली नव्हती. टोपी हातात, चेहरा लाल. "हेझल, तू माझ्या नावावर काय काय लिहिलंस इतकी वर्षं?" मी म्हटलं, "आत ये, थंडी आत येतेय." तो स्वयंपाकघरात बसला, त्याच्या जुन्या खुर्चीवर नाही, पाहुण्याच्या. मी सांगितलं: गुडघा, बागेतले टोमॅटो, क्रिकेट. "आणि एकदा लिहिलं होतं की बाबांची फार आठवण येते." त्यानं हातातली टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "यावर तो काय म्हणाला?" मी म्हटलं, "डॉटनं लिहिलं, त्यालाही येते." "पण खरंच येत होती का त्याला?" "ते मला काय ठाऊक? त्यालाच विचार की." चहा न पिताच उठला. मला वाटलं, गेला, चिडला, संपलं.

तो गेला तो थेट दुकानात. इतक्या वयाच्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा नाताळचं कार्ड विकत घेतलं आणि घरी नेऊन लॉर्नाला दाखवलं. त्यावर पांढरंशुभ्र कबुतर! लॉर्ना किंचाळलीच, "कबुतर? सगळं दुकान सोडून नॉर्मनला कबुतर?" पुन्हा गेला आणि बर्फातलं चर्च घेऊन आला. मग दार लावून बसला. आत जे लिहिलं ते लॉर्नानं मला फोनवर वाचून दाखवलं, तेही त्याची परवानगी घेऊन: "नॉर्मन, डॉट गेली तेव्हा यायला हवं होतं. आलो नाही. बाबांची आठवण येते. कबुतरांचं सोड आता. क्लाइव्ह." मी एवढी वर्षं गुडघ्याबद्दल लिहीत बसले, आणि या माणसानं पहिल्याच फटक्यात सगळं मांडून टाकलं.

मग आठवडा गेला. काहीच नाही. लॉर्ना टपाल पडलं की धावायची. गॅसचं बिल, दातांच्या डॉक्टरांचं पत्र. क्लाइव्ह म्हणायला लागला, "सांगितलं होतं मी." तो अडून बसल्याचा सूर मला ओळखीचा होता. लॉर्नालाही आता ओळखीचा झालाय. आम्ही दोघी घाबरलो, जिल. संप आमचा, आणि तोंडघशी पडला असता तो.

नाताळच्या आधीच्या शनिवारी दुपारी त्यांच्या दारावर थाप पडली. बाहेर नॉर्मन. व्हिटबीहून बस बदलत बदलत आलेला, पाठीवर पिशवी, खिशात आपल्या क्लाइव्हचं कार्ड. दार क्लाइव्हनंच उघडलं. नॉर्मन म्हणाला, "डॉट कार्डं कुठून आणायची ते मला माहीत नाही. तिकिटं कुठे ठेवायची तेही नाही. म्हणून मीच आलो." लॉर्नानं मला फोन लावला, पण बोलली नाही, नुसता फोन खोलीकडे धरून उभी राहिली. मला ऐकू येत होतं: "तू विकलीस ती!" "कुणी दाणे घातले असते त्यांना, तू?" "मी घातले असते!" "तुला तर शिंका यायच्या!" आणि मग दोन म्हाताऱ्यांचं खोकत खोकत हसणं. मी इथे एकटी उभी राहून टाळ्या वाजवल्या. ब्रेंडानं भिंतीवर ठोकून विचारलं, "काय झालं?" मी ओरडले, "जिंकलो!"

नाताळचं जेवण मी त्यांच्याकडेच जेवले. लॉर्नाची टर्की उत्तम, कोबीचे गड्डे मात्र शिजून लगदा. नॉर्मननं नाताळच्या जेवणाला घालतात तो कागदी मुकुट घालून डॉटच्या नावानं पेला उचलला, आणि क्लाइव्ह त्याच्या शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा लावून. नॉर्मन अजून तिथेच आहे. नव्या वर्षापर्यंत राहणार म्हणतो.

आता हे पत्र मी एवढ्या घाईनं का लिहिते आहे ते सांगते. जेवणानंतर भांडी पुसताना क्लाइव्ह माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "जिलचा पत्ता दे." मी म्हटलं, "लॉर्नाकडे आहे की." तर म्हणाला, "तिच्याकडे मागितला तर तीच लिहील. मला लिहायचंय." काल दिवसभर तो टेबलाशी बसून होता म्हणे. तीन कार्डं वाया गेली, आणि अजून "प्रिय जिल"च्या पुढे गाडी सरकलेली नाही. पण तो लिहिणार, आणि ते समुद्रापार तुझ्या वेलिंग्टनला पोचेल तेव्हा तुमच्याकडचा नाताळ केव्हाच आवरून झालेला असेल. आजवर तुला "आई आणि बाबा" अशी जी कार्डं आली ती सगळी माझ्या हातची. नंतरची लॉर्नाच्या हातची, जी तू न उघडता टाकलीस. तुझ्या बाबाचं अक्षर पाकिटावर तू कधी पाहिलेलंच नाहीस. ते मागे रेलल्यासारखं आहे, मोठं, आणि ओळ वर चढत जाते. तुला ओळखू येणार नाही, कुणाचंतरी भलतंच आलंय म्हणून बाजूला फेकशील. फेकू नकोस. माझ्या वतीनं तू पुष्कळ भांडलीस, पोरी, आणि त्यासाठी मी तुझी फार ऋणी आहे. पण मी त्या भांडणातून केव्हाच उठून आले, तू एकटीच तिथे बसलीयस. तेव्हा ते पाकीट उघड. आत काय लिहिलेलं असेल ते मला माहीत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, जिल, मला माहीत नाही!

तुझीच, आणि आज अगदी खुशीत असलेली,
आई