बाप्तिस्म्याच्या वहीतलं नाव

नोतो, २ सप्टेंबर १७६१

चि. इप्पोलिता हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं जमवलं एकदाचं. बॅरन मोदेस्तो तुझ्या माहितीतलेच. बायको जाऊन दोन वर्षं झाली. वय सेहेचाळीस, पण दात शाबूत आहेत. तुझ्या बाबांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे ते हो म्हणाले. या रविवारपासून तीन रविवार चर्चमध्ये तुमची नावं पुकारीन, कुणी हरकत घेतली नाही की लग्न. बड्या घरांची अकरा लग्नं या मामानं जुळवलीत. तेव्हा रडूबाई, नाक पूस.

तुझा मामा,
डॉन कॉन्साल्वो

मोदिका, ८ सप्टेंबर

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

दात बरे मोजलेत! तीन वर्षांपूर्वी बॅरनची व्हेनेरा जन्मली, ती जगते की नाही अशी होती. धर्ममाता व्हायची ती कातानियाची सरदारीण पुरामुळे अडकली, म्हणून बाप्तिस्म्याला तुम्ही बाळ माझ्या हातात दिलंत. आजपासून मीच हिची धर्ममाता, असं वर बजावलंत. धर्ममातेचं मुलीच्या बापाशी लग्न होत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?

बाबा म्हणतात, वहीत सरदारीणबाईंचं नाव आहे, मी खोटारडी. मामा, वही तुम्ही लिहिलीत. बॅरनबाईंना बॅरननी वर्षभर चर्चलासुद्धा जाऊ दिलं नाही. माझा हात धरून त्या रडायच्या. मला त्या घराची भीती वाटते.

आपली,
इप्पोलिता

नोतो, २६ सप्टेंबर

चि. इप्पोलिता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र झग्याच्या खिशात असताना मी दुसऱ्यांदा नावं पुकारली. माझी मलाच लाज वाटते. आपल्या जागी तुला उभं करावं, असं मुखत्यारपत्रही सरदारीणबाईंनी धाडलं नव्हतं. त्यांची मर्जी राखायला मीच त्यांचं नाव घातलं.

गेल्या रविवारी शेवटचं विचारलं, कुणाची हरकत आहे का. मग मीच म्हणालो की माझी आहे. वही आणवली, ते नाव खोडलं आणि तुझं लिहिलं. बॅरन पाय आपटत गेले. या नियमातून रोमहून पोपची सूट आणता येते म्हणे. तो अर्ज मी लिहिणार नाही, असं तुझ्या बाबांना स्वच्छ सांगितलंय. बॅरनना तेवढा धीरही नाही, ते दुसरीकडे मुली बघतायत. शिक्षा म्हणून बिशप मला डोंगरातल्या एका वाडीत धाडतायत. तिथे बड्या घरांचा उपद्रव नाही.

आता तुझ्यावर रागावतो. तीन वर्षांत व्हेनेराला तू साधी बदामाची वडी पाठवली नाहीस. पाठव, आणि जाऊन भेट. त्या घरात तिला आई नाही, आणि वहीत आता तुझं नाव आहे.

मामावरची माया आटू देऊ नकोस.

डॉन कॉन्साल्वो