तिसऱ्या मजल्यावरचा वास

ती. वहिनींस,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (वाकता येतं अजून. परत सरळ व्हायला टेबल धरावं लागतं, एवढंच.)

तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला आणि दादाचा स्वभाव, दोन्ही होते तिथेच असणार, म्हणून त्यांची वेगळी चौकशी करत नाही. नातवाला दात आले का? एवढं सगळं फोनवर का नाही विचारलं, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्याकडे फोन दादा उचलतो, लगेच स्पीकर लावतो, आणि मग घरातले, शेजारचे आणि जिन्यातून सहज चाललेले लोकही माझी खुशाली ऐकतात. हे प्रकरण तसं चारचौघांत ऐकण्यासारखं नाही. शिवाय ते फोनवरून पाठवताही येत नाही. का, ते पुढे कळेल. तेव्हा हे पत्र तुम्ही एकटीने वाचा, आणि दादाने विचारलंच तर भाऊजींचं बरं चाललंय एवढं सांगून विषय बदला.

तर येत्या रविवारी आमच्या इमारतीच्या कमिटीची मीटिंग आहे, आणि माझा बोका या घरात राहणार की जाणार ते त्या दिवशी ठरायचं आहे. माझ्याकडे बोका आहे हेच तुम्हाला माहीत नाही, कारण मी कळवलं नव्हतं. कळवलं नव्हतं, कारण ही गेल्यावर मी एकदा सहज म्हणालो होतो की एखादं मांजर पाळावं, तर दादाने मला मांजरामुळे होणाऱ्या सगळ्या रोगांची नावं ऐकवली होती. (त्यातले निम्मे त्याला स्वतःला आहेत, आणि त्याच्याकडे मांजर नाही.) पण मी पाळलं नाही हो, वहिनी. तोच आला. पाइपावरून स्वयंपाकघराच्या खिडकीत, तिथून ओट्यावर, आणि मग दोन्ही खोल्यांतून सावकाश एक फेरी मारून, कपाटाखाली, पलंगाखाली सगळीकडे नजर टाकून, कशालाही हात न लावता सोफ्यावर जाऊन बसला. आमच्या साबणाच्या कारखान्यात पॅकिंग खात्याचा मुकादम अगदी असाच हिंडायचा. म्हणून याचंही नाव मुकादम.

आता सोफा. तो हिने पसंत केलेला, तुम्ही बरोबर होतात, दुकानदाराला तुम्ही दोघींनी मिळून रडकुंडीला आणलं होतं. त्या सोफ्याचा डावा हात आता हात राहिलेला नाही. आत काय काय भरतात ते मला या वयात कळलं. मी सुताराकडून एक खांब करून घेतला, त्याला काथ्याची दोरी गुंडाळली, आणि तो शोभेल अशा कोपऱ्यात उभा केला. मुकादमाने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की खांब तुम्हाला शोभेल तिथे नाही, त्याला ओरबाडायचं असतं तिथे ठेवायचा. तो सोफ्याला चिकटवून ठेवल्यापासून सोफ्याचा उजवा हात शाबूत आहे. मधल्या काळात सोफ्याच्या पाठीवर असलेली हिची शाल मात्र एका कोपऱ्याला फाटली. त्याबद्दल शेवटी लिहितो.

पुढे मुकादम वयात आला. त्याने गळा काढला की समोरच्या इमारतीतले दिवे लागायचे. वर नवीन छंद लागला तो असा, की वस्तूकडे पाठ करायची, शेपटी उभी धरून थरथरवायची, आणि फवारा मारायचा. दारावर, कपाटावर, खालच्या फळीवर ठेवलेल्या दादाच्या फोटोवर. (तो पुसला. काचेचाच होता.)

इथे तुम्ही चष्मा काढून म्हणाल, भाऊजी, जन्मभर साबणाच्या कारखान्यात वास तपासायची नोकरी केलेला माणूस तुम्ही, बोक्याचा फवारा मारलेल्या घरात राहिलात कसे? वहिनी, मला वास येत नाही. कसलाच. मागच्या थंडीत मला तो ताप आला ना, तो उतरला तेव्हा माझं नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. अजून आलेलं नाही. हे मी आपल्या माणसांत किंवा इमारतीत कोणालाही सांगितलेलं नाही, आज तुम्हालाच सांगतोय. या इमारतीत मला विचारतं कोण? पण माझ्या नाकाला विचारतात. दूध नासलंय का बघा म्हणून पातेली घेऊन येतात. मी खोल श्वास घेतो, डोळे मिटतो, पातेलं उजेडात बघायला म्हणून स्वयंपाकघरात नेतो आणि गुपचूप चमचाभर चाखतो. गॅसचा वास येतोय का म्हणून बोलावतात. मी बटण बंद करायला आणि माणूस बोलवायला सांगतो, ते कधी चुकत नाही. नाक गेलं म्हणून सांगितलं असतं, तर उरलो असतो तो तिसऱ्या मजल्यावरचा एक म्हातारा. तसले या इमारतीत चार आहेत.

मग एक दिवस सेक्रेटरी आले. (धंद्याने दातांचे डॉक्टर, त्यामुळे बोलताना समोरच्याच्या तोंडात बघतात.) म्हणाले, जिन्यात कसलातरी भयंकर वास मारतोय, तक्रार आली आहे. तक्रार खालच्या हेडमास्तरीणबाईंची. त्या निवृत्त झाल्या तरी अजून सगळ्यांना ओळीत उभं करतात. कमिटीने ठराव केला होता की ज्याच्या घरचा वास असेल त्याने त्याचं कारण इमारतीबाहेर काढायचं, आणि कारण शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे दिलं होतं. तुमच्यासारखं नाक इमारतीत असताना बाहेरचा माणूस कशाला, असं सेक्रेटरी माझ्याच दारात उभे राहून, रुमाल नाकाला लावून म्हणाले. मला वाटलं त्यांना सर्दी झालीये.

मी तपास मनापासून केला. प्रत्येक मजल्यावर गेलो, प्रत्येक दारात थांबून नाक वर करून श्वास घेतला, आणि काही न बोलता मान हलवली. त्याचा जो परिणाम झाला तो मी कारखान्यातही कधी पाहिला नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या शिंपिणीने मी काही विचारायच्या आत मोरी तुंबल्याचं कबूल केलं. चौथ्या मजल्यावरच्या वकिलांनी फ्रिज रिकामा करून दाखवला आणि वर एक गठ्ठा ओल्या मोज्यांचा काढून दिला. इमारत अशी स्वच्छ झाली की झाडूवाला माझ्यावर खूश झाला. फक्त हेडमास्तरीणबाई दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला खरंच येत नाही का हो वास?" मी म्हणालो, तपास चालू आहे. मला तेव्हाही माझ्या घराचा संशय आला नव्हता. माझ्या घरात साबणाचा माणूस राहतो ना.

संशय आला तो बसमध्ये. मुकादमाच्या गळ्यामुळे त्याचं ऑपरेशन करून टाकायचं मी ठरवलं होतं. जवळच्या दवाखान्यात जो आकडा सांगितला त्यात माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले असते. मग कळलं की बस डेपोमागे एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना आहे, तिथे हेच काम परवडेल अशात होतं. अट एवढीच की बोका उपाशीपोटी आणायचा आणि अंगावर घालायला जुना टॉवेल आपला. मी त्याला आमच्याच साबणाच्या खोक्यात घातलं, ज्यावर गुलाबाचं मोठं चित्र आहे, आणि बसमध्ये चढलो. बस गच्च भरलेली. एका मुलीने उठून मला जागा दिली. मग शेजारचा उठला. मग पुढचे दोघे उठले. मला वाटलं, लोकांत अजून वयाचा मान आहे. मग बघतो तर माझ्याभोवती सहा रिकाम्या जागा, बाकी सगळे पुढे ड्रायव्हरच्या खांद्यावर, आणि कंडक्टर माझं तिकीट लांबूनच हात ताणून देतोय. तेव्हा मी मांडीवरच्या खोक्याकडे पाहिलं. वहिनी, वास आमचाच होता.

डॉक्टरीणबाईंनी खोकं उघडलं आणि क्षणभर खिडकीपाशी जाऊन आल्या. त्यांच्यापाशी मला नाकाचं कबूल करावं लागलं. मी त्यांना हेही सांगितलं की वाळूचा टब (दुकानात लिटर बॉक्स म्हणतात) मी अगदी निगुतीने ठेवतो, त्यात रोज गुलाबाचा अर्क घालतो. माझ्याकडे कारखान्यातली नमुन्याची बाटली आहे, नाक चालत नसलं तरी हात चालतो. बाईंनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, "आजोबा, बोक्याला गुलाब नको असतो. त्याला तो टब घाण वाटतो, म्हणून तो बाहेर जातो." बाहेर म्हणजे आमच्या जिन्यात, चपलांच्या मांडणीमागे. म्हणजे इमारत मी नासवली, आणि ती शोधायला मीच हिंडलो.

ऑपरेशन छान झालं. मुकादम थोडे दिवस गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून प्रत्येक दाराच्या चौकटीला धडकत होता. आता बरा आहे, गळा आणि फवारा दोन्ही बंद. बाई म्हणाल्या, मोठ्या बोक्याचा तो उग्र वास ऑपरेशननंतर काही आठवड्यांत ओसरतो, फक्त टबातली घाण रोज काढा, टब साध्या बिनवासाच्या साबणाने आणि गरम पाण्याने धुवा, आणि जुने डाग या औषधाने पुसा. (बिनवासाचा साबण. मी दुकानात तो मागताना आवाज खाली केला.) हे सगळं मी करतोय. जिनाही पहाटे उठून मीच धुतला, तपासाचा भाग म्हणून.

आता रविवारी मला अहवाल द्यायचाय. गप्प बसून 'वास नाही' म्हणालो तर कोणी प्रश्न विचारणार नाही. पण मी आयुष्यात एक खराब वडी पास केली नाही. साहेब दारात उभे असताना सगळी खेप परत पाठवली होती, हे दादा अजून लोकांना सांगतो. तेव्हा अजून वास असेल तर मी मीटिंगमध्ये उभं राहून सांगणार की तो माझ्या घरचा आहे, आणि मुकादम जाईल. त्याला दवाखान्याच्या पिंजऱ्यात ठेवून मी एकटा बसने परत येईन. ते मला जमणार नाही असं वाटतंय, पण सांगणार एवढं नक्की. पंचाईत एकच: वास आहे की नाही हेच मला कळत नाही. इमारतीत कोणाला विचारायची सोय नाही. डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं असतं, पण दिवसभर जनावरांत राहून त्यांचं नाक त्यांच्याच शब्दांत कामातून गेलंय.

लिहायचं होतं ते एवढं. लोभ आहेच, तो दादाला न सांगता चालू ठेवावा.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. आपण एकत्र राहत होतो तेव्हा मी घरी आलो की आज मी कारखान्यात कुठल्या साबणावर होतो ते तुम्ही दारातूनच सांगायच्या. माझ्या माहितीत माझ्यापेक्षा चांगलं नाक तुमचंच. हे पत्र ज्या कागदांवर लिहिलंय ते कागद लिहिण्याआधी चार दिवस मी टबाशेजारी टांगून ठेवले होते. म्हणजे इथपर्यंत वाचताना तुम्ही खिडकी उघडली असेल, तर निकाल लागला. रविवारच्या आत फोन करा. दादा स्पीकर लावेल, लावू दे. वास नसेल तर म्हणा, 'गुडघे बरे आहेत'. असेल तर म्हणा, 'गुडघे फार दुखतात'. माझ्या आनंदासाठी खोटं बोलू नका. (गुडघ्यांची खरी हकीकत वेगळ्या पत्राने कळवा.)

ता. क. दुसरा. पाकिटात गाठ मारलेली एक छोटी प्लास्टिकची पिशवी आहे. ती लगेच सोडू नका. आधी आपल्या कोपराच्या खळगीत दोन-तीन श्वास घ्या, आम्ही दोन नमुन्यांच्या मध्ये असंच नाक धुऊन काढायचो. आत हिच्या शालीचा तो फाटलेला कोपरा आहे. ताप यायच्या आधी मी रोज सकाळी ती शाल एकदा तोंडाशी धरत होतो. त्यानंतर ती नुसती लोकर झाली आहे, आणि मुकादम त्यावर झोपतो, त्याला मी उठवत नाही. त्या तुकड्यात अजून ही आहे का, की नुसता बोका आहे, ते कळवा. याचं उत्तर सावकाश दिलंत तरी चालेल. कागदाबद्दल मात्र खरंच सांगा. तुकड्याबद्दल तुम्ही काय लिहिलंत ते पडताळून बघायला माझ्याकडे नाक नाही, हे लिहिताना लक्षात असू द्या.