दाब वाढलेला न्हाई

हैदराबाद, जानेवारी १९८७

नागूच्या अप्पांना सिद्धम्माचा शरणार्थ.

मी बरी हाय, काळजी करू नका. घरी दर बाजाराला उठणारी अर्धशिशी इथं दवाखान्यात येतच नव्हती. डॉक्टर वाट बघून कंटाळले, मीबी.

काल उठली एकदाची. डोक्यातला दाब वाढतो का ते बघायला त्यांनी लगेच पाठीच्या कण्यात सुई घातली.

"दाब वाढलेला नाही," म्हणाले. आता डोक्याच्या जोडीला पाठबी दुखायलीय.

मी चिडून इचारलं, "मग सासू म्हणती तसं मी ढोंग करायले का?"

डॉक्टरीणबाई म्हणल्या, "दुखणं खरंच आहे. ते दाबामुळं नाही, एवढंच कळलं."

आपली नागू येळेवर जेवती का? आत्याबाईंना हे मोठ्यानं वाचून दाखवा. मग तुमीबी एकदा मनात वाचा.

तुमची
सिद्धम्मा