जयराजचा सत्कार

सांगली,
२ फेब्रुवारी २०२५

इंद्रजितस,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आण्णांचा गुडघा थंडीत कुरकुरतोय, आईनं त्याला एरंडाचं पान बांधलंय. तुमच्याकडं माणदेशात थंडी जास्त असेल. जप.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि माझे आवाजी मेसेज दुप्पट वेग लावून ऐकतोस, हे सोनमनं मला सांगितलंय. कागदाला वेग लावता येत नाही. तू विचारलंयस, "पाडवा झाला की घरी आपल्या लग्नाचं बोलू का? तुझं काय ते सांग." सांगणार आहे. पण मधलं गाळून शेवटच्या ओळीवर उडी मारू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

आधी सत्काराचं बोलू. तुमच्या गावात शिरतानाच तो डिजिटल बोर्ड दिसला. 'समुद्राच्या जबड्यातून मित्राला परत आणणारा वाघ!' खाली गॉगल लावलेले शुभेच्छुक, आणि मधोमध तो फोटो: जयराज तुला काखेत धरून वाळूवर ओढतोय. किनाऱ्यावरच्या कुणा पर्यटकानं काढलेला. मूळ फोटोत मागं लाटेत एक काळं डोकं दिसतं, ते माझं. बोर्डवाल्यानं त्याच्यावर नारळाचं झाड चिकटवलंय. माणदेशात नारळ! मला आधी हसूच आलं, खरं सांगते.

मग मांडवात बसले. जयराजला फेटा बांधला, शाल दिली, श्रीफळ दिलं. सरपंच बोलले, त्यांचे भाऊ बोलले. जयराज मान खाली घालून बसला होता आणि लोक म्हणत होते, किती नम्र पोरगा! मी आणि सोनम मागच्या खुर्च्यांवर. सोनमनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मी तिला म्हटलं, थांब, इंद्रजित बोलायला उठेल तेव्हा सांगेल. तू उठलास. "जयराज नसता तर आज मी नसतो" म्हणालास आणि बसलास. टाळ्या लय पडल्या.

आता त्या दिवशी काय झालं ते तुलाच लिहून कळवायची वेळ यावी! पण कळवते, कारण तुझ्या तोंडून इतक्यांदा दुसरंच ऐकलंय की तुझा तुलाच विश्वास बसला असेल.

डायव्हिंगला बोटीचं भाडं परवडत नाही म्हणून आपण चौघं नेहमी किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरायचो. पाठीवर सिलेंडर, कमरेला शिसं, लाटेकडं पाठ करून उलटं चालत. जयराज-सोनम एक जोडी, तू नि मी दुसरी. नियम एकच, जोडीदाराला सोडायचं नाही आणि हवेच्या काट्यावर नजर ठेवायची. तू दोन्ही सोडलंस. खडकाखाली तुला कसलासा मोठा मासा दिसला आणि फोटोसाठी मोबाइल ठेवलेला तो पाणबंद डबा पुढं धरून तू सुटलास. मी मागून सिलेंडरवर टकटक केलं, तू वळून पाहिलंसुद्धा नाहीस. मी तुला गाठलं तेव्हा तुझा पाय जुन्या मासेमारीच्या जाळ्यात अडकला होता, तू हातपाय झाडत होतास आणि काटा शून्यावर टेकला होता.

शिकवताना सांगितलं होतं, हवा संपलेला माणूस विचारत नाही, तो तुमच्या तोंडातलीच नळी ओढतो. तसंच केलंस. माझ्या तोंडातली नळी हिसकलीस आणि तोंडात घातलीस. माझं उष्टं, इंद्रजित! मी जादाची पिवळी नळी शोधली, ती वाळूनं भरलेली. दोन घोट खारं पाणी गिळलं तेव्हा कुठं ती सुरू झाली. जाळं कापलं. तुझ्या छातीचा पट्टा धरला आणि तुला एकेक हात वर घेतलं, कारण तू एकदम उसळी मारली असतीस तर आतली हवा फुगून तुझी छाती फाटली असती. उथळ पाण्यात आल्यावर माझ्या पायांत जीव उरला नाही. तिथून पुढं तुला वाळूवर ओढलं जयराजनं, त्याचे उपकार आहेतच. पण बोर्डवर आहे ती एवढीच वीस पावलं.

तेव्हाच तुला म्हटलं होतं, घरी खरं सांग. तू म्हणालास, "तुझं नाव घेतलं की आई विचारणार, कोण खरात? आपल्यातले का त्यांच्यातले? मग सगळंच उकरून निघेल. थोडं थांब." तुम्ही धनगर, आम्ही बौद्ध, आडनावं तुमच्यातही तीच नि आमच्यातही तीच, हे काय मला माहीत नाही? मी थांबले. कॉलेजपासून थांबतेच आहे. तुझी आई म्हणजे जमदग्नी, ती विष घेईल, ती घर सोडेल, हे मी तुझ्याकडून इतकं ऐकलंय की सुलाबाई हे नाव निघालं तरी मी विषय बदलायचे.

तेही गिळलं असतं. पण भाषणं संपल्यावर तुझी आई जयराजचे पाय धुवायला परात घेऊन बसली. पाणी घालायला कुणी दिसेना म्हणून तिनं मलाच हाक मारली. "पोरी, जरा तांब्या धर गं. ह्या लेकरानं माज्या इंद्याचा जीव म्हागारी आणलाय." मी तांब्या धरला. मग तिनं मान वर करून मला विचारलं, "तू बी हुतीस व्हय तितं? मग तू काय करत हुतीस?"

मी तुझ्याकडं पाहिलं. तू दोन हातांच्या अंतरावर उभा होतास. म्हणालास, "आगं आये, ती कापडं राखत हुती."

कापडं राखत हुती!

मी पाणी ओतलं. जयराजच्या पायांवर ओतलं, तुझ्या आईनं ते डोळ्यांना लावलं. जयराज रडायला लागला आणि मांडवातली माणसं म्हणाली, बघा, कसा भरून आलाय. त्या रात्री तुझा मेसेज आला, 'सॉरी, सुचलं ते बोललो.' खाली हसणारा चेहरा. मेल्या, तो चेहरा टाकताना तुझं बोट कसं वळलं रे?

आता तुला माहीत नाही ते सांगते. जयराजला तो फेटा पचला नाही. गेल्या आठवड्यात तू कामाला साताऱ्याला गेलास, त्या दिवशी तो शाल घेऊन तुमच्या दारात गेला आणि म्हणाला, "काकी, हे माजं न्हाई." सगळं सांगितलं, तुझ्या-माझ्यासकट. आणि गुरुवारी तुझी आई एसटीनं सांगलीला आली. तुला म्हणाली असेल, डोळे दाखवायला जाते. ती आमच्या घरी आली होती.

दार मी उघडलं. हातात हुलग्याची पिशवी, पायांवर धूळ. तिनं भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली, बाबासाहेबांची पाहिली, आणि पदर सावरून बसली. आईनं भाकरी-पिठलं वाढलं. पहिला घास उचलून ती जराशी थांबली. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनंही पाहिलं. मग भाकरी खाल्ली. दुसरी भाकरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर म्हणाली, "खोटं कशाला बोलू, पोरी. लगनाचं कानावर आलं असतं तर म्या भांडले असते. दोन दिस चूल पेटीवली नसती. भाऊबंदांनी तोंड सोडलं असतं, त्यास्नी भ्याले बी असते. पर जीव वाचीवणारीचं नाव लपीवलं नसतं. तुज्या हातनं म्या दुसऱ्याच्या पायावर पाणी घालून घ्येतलं गं! ह्यो बघत उबा ऱ्हायला?" आणि ती माझ्या पायांकडं वाकली. मी तिला धरलं. "आवं काकी, असं नका करू," म्हटलं आणि दोघी रडलो. आण्णा उठून बाहेर गेले.

इंद्रजित, मला तुझा राग आहे, भरपूर आहे, तो लपवत नाही. मी इतकी वर्षं त्या बाईला घाबरले. ती चार तास एसटीत बसून एकटी आली. तू माझं नुसतं नाव घेऊ शकला नाहीस, तेही भरल्या मांडवात, जिवंत उभा असताना. तुझ्या घरात आडवं कोण येत होतं ते मला गुरुवारी कळलं. आई नव्हे.

तिला सोडायला स्टँडवर गेले. आटपाडीमार्गे जाणारी गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवून तिनं विचारलं, "मग, करतीस का माज्या लेकाशी लगीन? आता म्या आडवी येत न्हाई."

मी म्हटलं, "न्हाई काकी."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "म्या तुजी आई असते तर म्या बी दिली नसती."

संध्याकाळी तू तिला घ्यायला दहिवडीच्या स्टँडवर गेला होतास ना? ती घरापर्यंत तुझ्याशी एक शब्द का बोलली नाही, ते तू सोनमला फोन करून विचारत होतास. त्याचं उत्तर हे.

पाण्याखाली एकदा तुझी जोडीदार होते, तेवढीच,
प्रांजल आकाराम खरात