पट्टा सोडायचा नाही

२ सप्टेंबर
आलो एकदाचा. तेर गावाच्या पलीकडची नदीकाठची वस्ती, जागा झकास. फौजेत अठरा वर्षं जखमी जवान सांभाळले, आता एका संस्थेनं इथं प्रथमोपचार शिकवायला धाडलंय. बब्रुवानच्या घरात खोली मिळाली. त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, इतक्या भाकऱ्या वाढल्या की उठवेना.

५ सप्टेंबर
पहिला वर्ग. टूर्निकेट, रक्त थांबवायचं साधन; इथले लोक नुसतं पट्टा म्हणतात. रक्ताची चिळकांडी उडाली तरच, जखमेच्या वर, दांडी पिळून आवळायचा. बांधल्याची वेळ लिहायची. जखमी गयावया करील, शिव्या देईल, तरी डॉक्टरशिवाय कुणी सोडायचा नाही. तीनदा म्हणवून घेतलं. वर्गातला चन्नबसप्पा हसला, त्याला तासभर उभा केला.

११ सप्टेंबर
द्वारकाबाईचा हात कडबा कापायच्या मशीनमध्ये गेला. मी धाराशिवला होतो. बब्रुवाननं पट्टा बरोबर बांधला, पण बाई पाया पडायला लागली म्हणून वाटेत ढिला केला. दवाखाना येईपर्यंत बाई संपली.

१३ सप्टेंबर
तिसऱ्याला माणसं जमली होती, तिथंच बब्रुवानला झापलं. बायकोला मशीननं न्हाय, तुझ्या दयेनं मारलं, असं तोंडावर म्हणालो. तो मान खाली घालून व्हय म्हणाला. मला काही वाईट वाटलं नाही. लोक असेच शिकतात.

२२ सप्टेंबर, सकाळी ९
अंगणात विळ्याला पाय घासला. पोटरीला बोटभर चीर, फडकं दाबलं असतं तरी भागलं असतं. बब्रुवान पळत आला आणि मांडीला पट्टा आवळला. गरज नाही म्हणतोय, तर म्हणतो, साहेब, जखमी माणूस असंच बोलतो, तुम्हीच सांगितलंय.

१०.३०
पूल पाण्याखाली, फोन बंद. डॉक्टर पलीकडं. चौघांनी बाजेवर दाबून धरलंय. उजवा हात मोकळा ठेवलाय, वेळ लिहायला. बब्रुवान दांडी धरून बसलाय.

१२
दोन तासांच्या वर पट्टा राहिला की पाय जातो — सांगितलं, ओरडलो. आईवरून शिव्या दिल्या. कुणी रागावत नाही. चन्नबसप्पा माझा घाम पुसतो.

२
पाय काळानिळा. बोटं कळत नाहीत. बब्रुवानच्या पाया पडलो. तो रडतोय. तीबी अशीच पडली हुती, म्हणतो. आणि आणखी एक पीळ —

४
पाणी चढतंच आहे. चमच्यानं चहा पाजतात. भीती वाटते, लई — दांडीकडं हात नेला, त्यांनी बघितलं. बब्रुवान सांगतोय, साहेबाचा हात बांधा, जीव वाचला पायजे. दोरी नाही. दुसरा पट्टा आणलाय. उजव्या दंडाला. पिळतोय. बोटं अजून हल