उखर्डूचं दुसरं नाव

भुसावळ, रेल्वेचे बंगले
माघ वद्य पंचमी, सन १९२३

चि. सौ. बेबा हिला आईचा आशीर्वाद. मी बरी आहे. सोनगीरहून तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर नाही म्हणून रागावली असशील. रागाव. मला डायवरसाहेबाच्या घरी आयाचं काम असतं, आणि दोन ओळी खरडल्या की बोटं दुखतात.

तुझ्या सासूने बाळाला उकिरड्यावर ठेवून उचललं, उखर्डू नाव दिलं, म्हणून रडतेस. आधीची दोन गेली तेव्हा रडलीस ते कमी झालं का? सासू चुकली नाही. असलं नाव ऐकलं की मरणसुद्धा नाक मुरडून पुढच्या दाराला जातं. पण तू पडलीस चौथी शिकलेली. तुला मेमसाहेबाच्या मुलखातलं नाव पाहिजे, गोड अर्थाचं.

विचारलं बाई. ती आयर्लंडची. 'हम अंग्रेज नहीं,' असं उठता बसता सांगते. मला सगळे सारखेच गोरे. तिने नावं सांगितली. ऊना म्हणजे कोकरू. केविन म्हणजे देखण्या जन्माचा, त्या नावाचा कोणी साधू तिकडे डोंगरात राहून गेला. ब्रोना म्हणजे दुःखी.

मी म्हटलं, 'कोण आई लेकीला असं नाव ठेवते?'

'और उखर्डू?' ती म्हणाली.

मग रोरी. रोरी म्हणजे तांबडा राजा. त्या नावाचे त्यांचे खरेच राजे होऊन गेले. म्हणाली, 'यही ले जाओ.'

रोरी तुला ठाऊक आहे. मागे आलीस तेव्हा कडेवर घेऊन फिरलीस, तोच बाईचा लेक, तांबड्या केसांचा. आता लिहावंच लागेल. पौषात तो तापाने गेला. माझ्याच मांडीवर. बाळंतिणीला असलं कळवू नये, म्हणून पत्र अडलं होतं.

तिच्या मुलखात गेलेल्या लेकराचं नाव पाठच्याला देतात. तिला पाठचं होणार नाही, डॉक्टरने सांगितलंय. म्हणून ते नाव तिने आपल्याला दिलं. आपल्यात हे चालत नाही. तू ठेवू नकोस. उखर्डूच म्हण, मोठ्याने म्हण, गल्लीला ऐकू जाऊ दे.

पण मी तिला 'ठेवलं' म्हणून सांगून बसले. तिच्या तोंडाकडे बघवेना. आता रोज सकाळी चहा नेला की ती विचारते, 'रोरी कैसा है?' मी सांगते, दूध पितो. अंग भरलंय. काल हसला. सगळं मनाचंच.

मला आता सुचत नाही. तू लिहीत जा. पालथा पडला, दात आला, असेल ते. खोकला झाला तर तेही लिही, तिच्यापर्यंत मी जाऊ देणार नाही. पण जप त्याला, बेबा. या बाईचा रोरी दुसऱ्यांदा गेला, हे माझ्या तोंडून निघायला नको.

उत्तर लवकर टाक. उद्या सकाळी ती पुन्हा विचारेल.

तुझी आई
भिकुबाई